सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट ऐकत नाही: आयबीएस नव्याने कळलेल्यांसाठी

डॉक्टरांनी फाइल मिटली, म्हणाले सगळं नॉर्मल आहे, आयबीएस आहे (म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, रिपोर्टमध्ये काही न दिसता पोट वारंवार दुखण्या-बिघडण्याचा आजार), टेन्शन घेऊ नका, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी बाहेर येऊन बाकावर बसले, मांडीवर रिपोर्टचा गठ्ठा आणि पोटात तीच कळ. नॉर्मल आहे तर दुखतंय काय? आणि टेन्शन घेऊ नका म्हणजे नेमकं काय करू, ते कुठे ठेवून येऊ? याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा कोणी समोर बसवून आधी हे कर, मग ते कर असं सांगितलं असतं तर माझी पहिली दोन वर्षं फुकट गेली नसती, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे औषधाचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

सुरुवातीलाच एक सांगते. आयबीएस झालेल्या माणसाला दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात "हे सगळं तुझ्या मनाचं आहे", दुसरे म्हणतात "मनाचा काय संबंध, पोट साफ ठेव, सगळं ठीक होईल". दोघंही निम्मंच सांगतात. मेंदू आणि आतडं एकाच वायरीची दोन टोकं आहेत आणि बिघाड त्या वायरीतल्या बोलण्यात आहे. मी दोन वर्षं फक्त पोटाच्या टोकाला झटत बसले, हे खाऊ नको ते खाऊ नको करत, आणि दुसऱ्या टोकाकडे बघायलाच तयार नव्हते कारण मला वाटायचं मनाचं मान्य केलं तर लोक म्हणतील ही नाटकं करते.

पहिली पायरी: आयबीएसच आहे ना ते पक्कं करा

गूगल करून स्वतःला आयबीएस लावून घेऊ नका. डॉक्टर ज्या निकषांवर चालतात त्यांना रोम निकष म्हणतात, चौथी आवृत्ती २०१६ मध्ये आली. त्यात असं आहे की गेले ३ महिने सरासरी आठवड्यातून निदान १ दिवस पोट दुखत असलं पाहिजे, आणि त्यासोबत या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: दुखण्याचा संबंध टॉयलेटला जाण्याशी आहे (जाऊन आल्यावर बरं वाटतं किंवा उलट वाढतं), किती वेळा जावं लागतं ते बदललंय, किंवा शौच घट्ट होते की पातळ ते बदललंय. हे सगळं सुरू होऊन किमान ६ महिने झालेले असावेत. म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात पोट बिघडलं, हे आयबीएस नाही. नुसतं पोट फुगतं पण दुखत नाही, तेही यात बसत नाही.

आता ज्या गोष्टी असतील तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरकडे जायचं त्या: शौचातून रक्त, काहीही न करता वजन उतरणं, ॲनिमिया, पोटदुखीने किंवा जुलाबाने रात्री झोपेतून जाग येणं, सारखा ताप, पोटात गाठ लागणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच हा त्रास सुरू होणं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, क्रोन्स (आतड्याला सतत सूज राहण्याचा आजार) किंवा सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असणं. यातलं काही नसेल तर बहुतेक वेळा तपासण्या थोड्याच लागतात, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरात सूज आहे का ते दाखवणारी), सिलिअ‍ॅकसाठी टीटीजी ही रक्ताची तपासणी, आणि जुलाबाचा त्रास असेल तर स्टूलमधलं कॅलप्रोटेक्टिन, ज्यातून आतड्याला सूज आहे का याचा अंदाज येतो. एक महत्त्वाचं, सिलिअ‍ॅकची तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. कोलोनोस्कोपी सगळ्यांना लागतेच असं नाही.

आयबीएसचा पुढे कॅन्सर होत नाही. हे वाक्य मला पहिल्या दिवशी कोणी तोंडावर सांगितलं नाही, म्हणून मी त्या वर्षात चार वेळा सोनोग्राफी केली. दर वेळी रिपोर्ट हातात आला की तीन-चार दिवस पोटसुद्धा शांत, मग परत सुरू, मग परत "यांच्याकडून काही सुटलं तर नाही ना". ही चौथी सोनोग्राफी पोटासाठी नव्हती, भीतीसाठी होती, हे मला खूप उशिरा कळलं.

आणि आपला प्रकार कोणता ते विचारून घ्या, बद्धकोष्ठतेचा, जुलाबाचा की दोन्ही आलटून पालटून, कारण औषधं त्यावरच ठरतात. त्यासाठी ब्रिस्टल चार्ट असतो, शौचाचे ७ प्रकार चित्रांसकट, १ आणि २ म्हणजे खडे, ६ आणि ७ म्हणजे पातळ. किळस वाटते पण डॉक्टरांना "कसंतरीच होतं" सांगण्यापेक्षा "आठवड्यात चार वेळा ६ नंबर" सांगितलं की काम पटकन होतं.

दुसरी पायरी: वायर समजून घ्या

ही पायरी लोक गाळतात, मीही गाळली होती, पण पुढचं सगळं यावर उभं आहे म्हणून जरा सविस्तर.

आपल्या भाषेला हे आधीपासून माहीत आहे. भीती वाटली की पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकली की पोटात खड्डा पडतो, वाट बघताना पोटात कालवाकालव होते. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं नर्व्हचं जाळं आहे, त्यात कोट्यवधी न्यूरॉन आहेत, आणि निरोप पोचवणारं सिरोटोनिन नावाचं जे रसायन आहे त्यातलं बहुतेक, ९० टक्क्यांहून जास्त, मेंदूत नाही तर आतड्यात तयार होतं. पोट आणि मेंदूला जोडणारी जी मोठी नर्व्ह आहे, व्हेगस, तिच्यातले बहुतांश तंतू खालून वर निरोप नेतात. म्हणजे पोट मेंदूला जितकं सांगतं त्यापेक्षा मेंदू पोटाला कमीच सांगतो.

आयबीएसमध्ये दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे आतड्याची चाल, कधी पळतं कधी अडतं. स्ट्रेसमध्ये जे हार्मोन सुटतात त्यांनी जठर मंदावतं आणि मोठं आतडं जोरात चालायला लागतं, म्हणूनच इंटरव्ह्यूच्या आधी भूक मरते पण टॉयलेटला मात्र धावावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे संवेदना. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा फुगवून केलेले प्रयोग आहेत, त्यात आयबीएसच्या बऱ्याच पेशंटना इतरांपेक्षा कमी फुगवल्यावरच दुखायला लागतं. गॅस तेवढाच, पण आपल्याकडे आवाज मोठा करून ऐकू येतो. रेडिओचं बटण कोणीतरी फिरवून ठेवलंय. काळजी, अपुरी झोप, पोटाकडे सतत लक्ष, या सगळ्याने ते बटण आणखी फिरतं. दुखणं खरंच आहे, फक्त ते कुठल्या जखमेतून येत नाही म्हणून सोनोग्राफीत दिसत नाही. म्हणून तर तज्ज्ञ आता अशा आजारांना आतडं आणि मेंदू यांच्या संवादातले बिघाड म्हणतात.

मग आधी काय, टेन्शन की पोट? ऑस्ट्रेलियात लोकांना १२ वर्षं फॉलो करून केलेला एक अभ्यास आहे, २०१२ मध्ये आलेला, त्यात दोन्ही निघालं. काहींना आधी चिंता होती, पोट नंतर बिघडलं, आणि काहींचं आधी पोट बिघडलं, मग चिंता आणि डिप्रेशन आलं. २०२१ मध्ये ५० हजारांहून जास्त आयबीएसच्या पेशंटचे जीन्स तपासले तर ज्या सहा जागा सापडल्या त्यातल्या बऱ्याचशा चिंता आणि डिप्रेशनशीही जोडलेल्या निघाल्या. म्हणजे एकाने दुसरं घडवलं असंच नाही, दोघांची मुळं काही ठिकाणी एकच आहेत. काही जणांना हे एखाद्या जबरदस्त जुलाबाच्या इन्फेक्शननंतर सुरू होतं, असं इन्फेक्शन झालेल्या साधारण दहातल्या एकाला, आणि त्या काळात मन आधीच त्रासलेलं असेल तर ही शक्यता वाढते.

आणि एकटे आहोत असं वाटत असेल तर, सगळे अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये काढलेले आकडे सांगतात की आयबीएसच्या साधारण ३९ टक्के लोकांना चिंतेची लक्षणं असतात आणि २९ टक्क्यांना डिप्रेशनची. हेच उलटं वाचलं तर बऱ्याच जणांना यातलं काही नसतं, त्यामुळे तुम्हाला नसेल तर ओढूनताणून शोधू नका.

तिसरी पायरी: दोन आठवड्यांची वही

फक्त दोन आठवडे. पाच गोष्टी: वेळ, काय खाल्लं, ब्रिस्टल नंबर, दुखणं १० पैकी किती, आणि त्या वेळी मनात काय चाललं होतं ते तीन शब्दांत. पाचवी गोष्ट लोक लिहीत नाहीत आणि खरी गंमत तिथेच असते. माझ्या वहीत दूध गुन्हेगार निघेल अशी खात्री होती. निघालं काय, तर रविवारी रात्रीचं जेवण. त्यात काय खाल्लं याने फरक पडत नव्हता, सोमवारी सकाळी पोट बिघडलेलंच, आणि पाचव्या रकान्यात दर वेळी "उद्याची मीटिंग". तेच दूध शनिवारी चाललेलं होतं. झोप किती झाली तेही लिहा, आणि बायकांनी पाळीची तारीख टाका, त्या दिवसांत त्रास वाढणं खूप कॉमन आहे.

दोन आठवडे झाले की वही बंद. वर्षभर लिहीत बसलात तर वहीच आजार होते, दिवसभर पोटाकडेच कान.

चौथी पायरी: खाणं, पण वेड न लागता

आधी साधं करा. वेळेवर जेवा, जेवण टाळू नका, घाईघाईत गिळू नका, चहा-कॉफी दिवसाला तीन कपांच्या आत, दारू आणि सोडावाली पेयं कमी. फायबर वाढवायचं तर इसबगोल, तेही थोड्यापासून आणि भरपूर पाण्यासोबत. गव्हाचा कोंडा मात्र बऱ्याच जणांना बाधतो, पोट अजून फुगतं. नुसत्या एवढ्यावरही बऱ्याच जणांचं भागतं.

नाही भागलं तरच लो-फॉडमॅप. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीने पुढे आणली. आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि तिथे आंबून गॅस करणारी कार्बोहायड्रेट्स काही काळ बंद करायची, म्हणजे कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, सफरचंद, कलिंगड, शुगर-फ्री गोड पदार्थांतलं सॉर्बिटॉल वगैरे. साधारण ४ ते ६ आठवडे, मग एकेक गट परत आणून बघायचा, आणि शेवटी फक्त जे खरंच बाधतं तेवढंच टाळायचं. लोक पहिल्या टप्प्यातच अडकून बसतात, वर्षानुवर्षं. मी आठ महिने अडकले होते, वजन उतरलं, कोणाकडे जेवायला जाणं बंद झालं, आणि पोट? थोडंसंच बरं. म्हणून हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा. आणि ज्यांना आधीपासून खाण्याची भीती वाटते, वजनाबद्दल फार विचार येतात किंवा आधी कधी खाण्याचा आजार (ईटिंग डिसऑर्डर) होऊन गेलाय, त्यांनी हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यांच्यासाठी ही पद्धत उलटू शकते.

औषधांबद्दल थोडक्यात

पेटके येत असतील तर मेबेव्हेरिनसारख्या गोळ्या किंवा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल (यांनी कधी कधी छातीत जळजळ होते), जुलाबाला लोपेरामाइड, बद्धकोष्ठतेला शौच मऊ करणारी औषधं. हे डॉक्टर बघतील.

एका गोळीबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण तिच्या नावाने लोक घाबरतात. डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन लिहून दिलं, घरी येऊन नेटवर शोधलं, "डिप्रेशनचं औषध" दिसलं आणि गोळी कचऱ्यात. मी हेच केलं, वर रागही आला की मला वेडी समजतात. खरं असं आहे की डिप्रेशनसाठी जेवढा डोस लागतो त्याच्या खूप खाली, १० ते ३० मिलिग्रॅम, हे औषध दुखण्याच्या नर्व्हवर काम करतं, म्हणजे ते रेडिओचं बटण थोडं मागे फिरवतं. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये ४६३ पेशंटवर ट्रायल झाली आणि सहा महिन्यांनी औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा याने जास्त फरक पडलेला दिसला. तोंड कोरडं पडतं, झोप येते, बद्धकोष्ठता वाढू शकते, त्यामुळे तुमचा प्रकार कोणता हे इथे कामाला येतं.

मनाच्या टोकाचं काम

हे शेवटचा उपाय म्हणून ठेवू नका, खाण्याच्या पायरीबरोबरच सुरू करा. 

रोज करायची सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे पोटाने श्वास. एक हात छातीवर, एक पोटावर, श्वास घेताना खालचा हात वर यायला हवा, वरचा शक्यतो स्थिर. घेताना चार मोजा, सोडताना सहा. पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि दुखत नसताना सुद्धा. दुखायला लागल्यावर पहिल्यांदाच करायला गेलं तर जमत नाही, मग माणूस म्हणतो "केलं, काही झालं नाही". चालणं, सायकल, जे जमेल तो व्यायाम आठवड्यातून तीन-चार दिवस, यानेही त्रास कमी होतो असं दिसलंय.

पुढचं जरा अवघड. आयबीएसमुळे आपण नकळत ज्या सवयी लावून घेतो त्यांची यादी करा. माझी अशी होती: बाहेर जायचं असेल तर सकाळपासून उपाशी, निघायच्या आधी तीनदा टॉयलेट, बसमध्ये दाराजवळचीच सीट, कुठेही गेलं की आधी टॉयलेट कुठे ते बघायचं, पर्समध्ये नेहमी गोळी, नाटकाला कडेची खुर्ची. यातली प्रत्येक गोष्ट त्या क्षणी शहाणपणाची वाटते. पण दर वेळी मेंदूला एकच निरोप जातो की धोका आहे, आणि मेंदू पोटावरचा पहारा वाढवतो. मग यातली सगळ्यात सोपी सवय आधी सोडायची. मी निघण्याआधीच्या तीन फेऱ्यांच्या दोन केल्या, दोन आठवड्यांनी एक. मग बसमध्ये दारापासून दोन रांगा मागे. पहिल्या दिवशी घाम फुटला, पोट गुरगुरलं, कळ वाढत गेली, आता उतरावंच लागणार असं वाटलं, आणि पुढच्या काही मिनिटांत ती आपोआप ओसरली. ओसरते हेच मला माहीत नव्हतं, कारण तोपर्यंत मी दर वेळी आधीच उतरून पळाले होते. (जुलाबाचा जोर खरंच असेल त्या दिवशी हे प्रयोग करू नका, साध्या दिवशी करा.)

हे जे केलं त्याला सीबीटी म्हणतात (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि सवयी बदलण्याची थेरपी), मी ते एका थेरपिस्टबरोबर केलं. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये आलेल्या ट्रायलमध्ये ५५८ पेशंट होते, ज्यांचा त्रास औषधांनी गेला नव्हता, त्यांना फोनवरून किंवा वेबसाइटवरून सीबीटी दिली आणि वर्षाने नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्ट फरक दिसला. म्हणजे जवळपास थेरपिस्ट नसेल तरी मार्ग आहे. दुसरा प्रकार म्हणजे पोटावर केंद्रित हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहन, नाव ऐकून हसू येतं, मलाही आलं, पण १९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी ३० अवघड पेशंटवर ती वापरून दाखवली तेव्हापासून तिच्यावर बरंच काम झालंय. थेरपिस्ट निवडताना आयबीएसचे पेशंट बघितलेत का हे सरळ विचारा.

याच ओघात एक मजेशीर गोष्ट. २०१० मध्ये अमेरिकेत ८० पेशंटवर प्रयोग झाला, निम्म्यांना गोळ्या दिल्या आणि तोंडावर सांगितलं की यात औषध नाही, तरी त्यांना गोळ्या न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बरं वाटलं. मी हे एकाला सांगितलं तर म्हणाला, "बघ, म्हणजे खोटंच दुखत होतं ना." अरे, खोटं दुखणं बरं कसं होईल?

पण काही वेळा मनाचा त्रास पोटाच्या पुढे गेलेला असतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नाही, रडू येतं, झोप उडालीय, घराबाहेर पडणं बंद झालंय, तर पोट बरं झाल्यावर मनाचं बघू असं म्हणू नका, डिप्रेशनचा वेगळा इलाज घ्या. जगणं नकोसं वाटायला लागलं असेल तर आजच जवळच्या माणसाला सांगा आणि आजच डॉक्टर किंवा हेल्पलाइन गाठा.

घरी आणि कामावर किती सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मी घरी सगळं सांगितलं, ऑफिसात एवढंच की "पोटाचा जुना आजार आहे, कधी कधी मीटिंगमधून पाच मिनिटं उठावं लागेल". सांगितल्यापासून उठावं लागलं ते फार तर दोनदा. त्याआधी दर मीटिंगला वाटायचं.

वाईट दिवस आला तर

येणारच, महिनाभर छान गेल्यावर अचानक येतो आणि सगळी मेहनत पाण्यात गेली असं वाटतं. त्या दिवशी गूगल उघडायचं नाही. वर दिलेल्या धोक्याच्या लक्षणांपैकी नवीन काही आहे का तेवढं एकदा बघा, असेल तर डॉक्टर, नसेल तर गरम पाण्याची पिशवी पोटावर, साधं थोडं खाणं, पोटाने श्वास, आणि ठरलेल्या कामांपैकी निदान एक तरी करायचं, भले अर्धवट. नवीन डाएट त्या दिवशी सुरू करायचं नाही, रागाच्या भरात दूध, गहू, कांदा सगळं एकदम बंद करायचं नाही. टॉयलेटमध्ये अर्धा तास कुंथत बसायचं नाही, पायाखाली छोटं स्टूल घ्या, दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. आणि रात्री जागून सोनोग्राफीची अपॉइंटमेंट शोधायची नाही, निदान सकाळपर्यंत तरी थांबा, माझी पाचवी सोनोग्राफी तशीच राहून गेली.